सर्कल लाइनवरचं ग्रीक

लंडनच्या भुयारी रेल्वेत एक पिवळी रेष आहे, सर्कल लाइन. नकाशावर ती शहराभोवती कडं घातल्यासारखी दिसते. हिवाळ्याच्या दिवसांत एक तरुण आई या गाडीत चढते. बाबागाडीत चार-पाच वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या आजूबाजूला जागा मिळेल तिथे कोंबलेली पुस्तकं आणि शब्दकोश. घर गरम ठेवायला पैसे नाहीत, गाडीचा डबा मात्र उबदार असतो. एकदा तिकीट काढून आत शिरलं की गाडी गोल गोल फिरत राहते, कुठे उतरायची घाई नाही. मुलगा पुस्तक उघडतो आणि होमरचं ‘ओडिसी’ वाचू लागतो. मूळ ग्रीकमध्ये.

शेजारच्या प्रवाशाचं लक्ष जातं. कुणी कौतुक करतं. कुणी म्हणतं, एवढ्या लहान वयात हे काय! कुणाला खात्री असते की पोरगं वाचायचं नुसतं सोंग करतंय. एखादा समजूतदार माणूस सांगतो की ग्रीक आलं की इंग्रजी स्पेलिंग सोपं जातं, तर दुसरा विचारतो, ग्रीक कशाला, एखादी चालू भाषा का नाही शिकवत? आई हे सगळं ऐकून घेते आणि कोणत्या प्रकारचं मत किती जणांनी दिलं याचा चक्क हिशेब ठेवते. भाजीवाल्याच्या वहीसारखी यादी, प्रत्येक मतापुढे आकडा.

हा प्रसंग हेलन डेविट या अमेरिकन लेखिकेच्या ‘द लास्ट सामुराय’ या कादंबरीतला. कादंबरी २००० साली प्रसिद्ध झाली. टॉम क्रूझचा त्याच नावाचा चित्रपट तीन वर्षांनी आला, त्याचा या पुस्तकाशी काही संबंध नाही. हुशार मूल आणि त्याच्या शिक्षणाने झपाटलेली आई या विषयावर गेल्या पंचवीस वर्षांत लिहिलेलं इतकं मजेदार आणि त्याच वेळी इतकं कळवळून लिहिलेलं दुसरं पुस्तक सापडणं कठीण. २०१८ मध्ये ‘व्हल्चर’ या अमेरिकन नियतकालिकाने समीक्षक आणि लेखकांना एकविसाव्या शतकातली तोवरची श्रेष्ठ पुस्तकं निवडायला सांगितली, तेव्हा यादीत पहिलं नाव याच पुस्तकाचं आलं. मराठी वाचकांपर्यंत मात्र ते फारसं पोचलेलं नाही, आणि ते पोचायला हवं. मुलाच्या डोक्यात काय घालावं, किती घालावं आणि कुणी घालावं, हा प्रश्न आपल्या घराघरांत रोजचा आहे.

आईचं नाव सिबिला. ती मूळची अमेरिकेतली. तिच्या घराण्यात बुद्धी भरपूर, पण ती वाया गेल्याचा इतिहासही तेवढाच मोठा. वडिलांना पंधराव्या वर्षी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला होता. त्यांचे वडील धर्मोपदेशक. ते मुलाला म्हणाले, तू देव मानत नाहीस, हरकत नाही, पण दुसऱ्या बाजूलाही एक न्याय्य संधी दे, आधी धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात जा. मुलगा गेला, हार्वर्ड हातचं गेलं, आणि पुढचं आयुष्य मोटेलं बांधण्यात सरलं. आईकडच्या माणसांना संगीत हवं होतं, तेही राहून गेलं. कादंबरीच्या सुरुवातीची ही पानं वाचताना हसू येतं आणि घशात काहीतरी अडकतंही. बापाने मुलाचं भलं चिंतून दिलेला एक सल्ला, आणि एक सबंध आयुष्य रुळावरून घसरलेलं.

सिबिला स्वतः खोटी शिफारसपत्रं तयार करून ऑक्सफर्डला पोचते. तिथे १९१२ साली छापलेला एक जाडजूड जर्मन ग्रंथ तिच्या वाट्याला येतो, होमरच्या प्राचीन टीकाकाराविषयीचा. जर्मन वाचत, शब्दकोश उलटत ती त्याचा अर्थ लावते आणि तिच्या लक्षात येतं की या विद्वानाचा सगळा तर्क गोल गोल फिरतोय. ती संशोधनाला रामराम ठोकते. पुढे लंडनमध्ये नोकरी, एक पार्टी, एका प्रसिद्ध प्रवासलेखकाशी एका रात्रीपुरती गाठ, आणि मूल. मुलाचं नाव ल्यूडो. पोट भरायला ती घरी बसून टंकलेखन करते. ‘अ‍ॅडव्हान्स्ड अँगलिंग’, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या छंदावरचं मासिक, आणि तसल्याच इतर नियतकालिकांचे जुने अंक संगणकात भरण्याचं हे काम. पैसे तासावर. समोर माशांचा अंक, मांडीशी मूल, आणि मूल विचारतंय, हा शब्द काय आहे?

कादंबरीचा सगळ्यात मोठा विनोद इथे आहे, आणि तो डेविटबाईंनी पानाच्या मांडणीतच पकडला आहे. सिबिला आपली हकीकत सांगत असते. वाक्य अर्ध्यावर येतं आणि तुटतं, कारण ल्यूडोने काहीतरी विचारलेलं असतं. ती उत्तर देते. पुन्हा वाक्य सुरू, पुन्हा प्रश्न. कधी कधी तुटलेलं वाक्य पुढे बऱ्याच ओळींनंतर तिथूनच पुढे चालू होतं, शिवताना सुटलेला धागा पुन्हा सुईत ओवावा तसं. लहान मूल घरात असताना ज्या कुणी घरून काम केलंय, त्यांना ही पानं कुणी समजावून सांगायला नकोत. मनातला विचार शेवटपर्यंत नेण्याची चैन त्या काळात आईला परवडत नाही. पुस्तकाचा अर्धा भाग या खंडित वाक्यांनी बनलेला आहे, आणि ती वाचता वाचता दोघांविषयी माया दाटत जाते.

बाहेरच्या जगाला दिसते ती वेगळीच आई. चार वर्षांच्या पोराला ग्रीक! नक्कीच ही बाई मुलाच्या डोक्यावर बसलेली असणार, आपली हौस त्याच्याकडून भागवून घेत असणार. इंग्रजी आणि अमेरिकन विनोदी साहित्यात या आईचा एक ठरलेला साचाच आहे. फिलिप रॉथच्या १९६९ मधल्या ‘पोर्टनॉइज कम्प्लेंट’मधली सोफी पोर्टनॉय ही त्यातली सर्वांत गाजलेली. हुशार मुलाला एका क्षणी आभाळाला टेकवणारी, दुसऱ्या क्षणी जेवला नाही म्हणून धाकात घेणारी, आणि तो मुलगा तेहतीस वर्षांचा झाला तरी मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत तिच्याचविषयी बोलत राहणारा. त्या कादंबरीत आपण आईला फक्त मुलाच्या तक्रारीतून पाहतो. डेविटबाईंनी दार उलट बाजूने उघडलं. आधी आईच बोलते, आणि वाचकाला दिसतं की या घरात ओढणारं मूल आहे आणि फरपट होते आहे ती आईची.

ल्यूडोला थांबवता येत नाही, हीच सिबिलाची अडचण. त्याने ग्रीक मागितलं, तिने दिलं. मग त्याने जपानी मागितलं. थोडी उसंत मिळावी म्हणून तिने अट घातली. आधी ‘ओडिसी’ पूर्ण कर. मग लॅटिन कवी ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फोसिस’चे भाग वाच. मग अरबीतलं ‘कलीला व दिम्ना’, ‘अरेबियन नाइट्स’मधल्या गोष्टी, हिब्रू बायबलमधले दोन ग्रंथ, आणि बीजगणिताची प्रकरणं. तिला वाटलं, वर्षभराची तरी निश्चिंती झाली. मुलगा यादी घेऊन बसला आणि एकेक नाव खोडू लागला.

या यादीतल्या ‘कलीला व दिम्ना’पाशी भारतीय वाचकाने जरा थांबावं. हे आपलं पंचतंत्र. त्यातल्या पहिल्या तंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे सहाव्या शतकात इराणच्या पहलवी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्यांना अरबीत नेलं, आणि जाता जाता त्यांची नावं कलीला आणि दिम्ना झाली. तीन मठ्ठ राजपुत्रांना सहा महिन्यांत शहाणं करण्यासाठी विष्णुशर्म्याने सांगितलेल्या या गोष्टी, अशी मूळ ग्रंथाची चौकट आहे. लंडनच्या थंडीत एका अति हुशार पोराला थोपवून धरण्यासाठी त्यांचा वापर व्हावा, हा योग फार गोड आहे.

सिबिला आपल्या पद्धतीच्या समर्थनार्थ जॉन स्टुअर्ट मिलचं उदाहरण देते. मिल १८०६ साली जन्मला. वडील जेम्स मिल यांनी त्याला तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला घेतलं. वडील त्याच टेबलावर बसून ‘हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ लिहीत होते, आणि ग्रीक-इंग्रजी शब्दकोश तेव्हा नव्हता म्हणून छोटा जॉन प्रत्येक अडलेला शब्द त्यांनाच विचारत होता. सिबिला आणि ल्यूडोचं टेबल याहून वेगळं नाही, फक्त भारताच्या इतिहासाच्या जागी माशांचं मासिक आहे. मिल पुढे सतराव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत लागला, मोठा तत्त्वज्ञ झाला. पण विसाव्या वर्षी तो मनाने पार कोसळलाही होता, आणि त्याने आत्मचरित्रात ते मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. वडिलांविषयी तिथे पानंच्या पानं आहेत. नऊ मुलांना वाढवणाऱ्या आईचा मात्र छापील आत्मचरित्रात जवळजवळ पत्ताच नाही.

ही गोष्ट मनाला लागते. इतिहासातल्या गाजलेल्या अद्भुत बालकांच्या मागे बहुधा हट्टी बाप दिसतात आणि विनोदी साहित्यात बोल मात्र आईला लागतो. विल्यम जेम्स सायडिसच्या बाबतीत निदान दोघांनी मिळून ओझं उचललं होतं. वडील बोरिस मानसशास्त्रज्ञ, आई सारा डॉक्टर, दोघेही रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेले. १९०९ मध्ये त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा हार्वर्डमध्ये दाखल झाला आणि पुढच्या जानेवारीत त्याने तिथल्या गणित मंडळापुढे चौथ्या मितीतल्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं. वर्तमानपत्रं त्याच्या मागे लागली ती कायमचीच. मोठेपणी त्याने मुद्दाम साध्या कारकुनी नोकऱ्या धरल्या आणि ट्रामच्या तिकिटांचा संग्रह केला, त्या विषयावर १९२६ मध्ये टोपणनावाने अख्खं पुस्तक लिहिलं. १९४४ साली वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तो गेला. लोक त्याची गोष्ट ‘करपून गेलेला हुशार मुलगा’ म्हणून सांगतात. पण तिकिटांवर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या माणसाची ज्ञानाची भूक मेली होती असं कसं म्हणावं? ती लोकांच्या नजरेपासून दूर जाऊन जगत होती.

ल्यूडोलाही शाळेत घातलं जातं, सहाव्या वर्षी. त्याला वाटतं, सहा वर्षांची इतर मुलं आपल्या खूप पुढे असतील, म्हणून तो तयारी करून जातो. पुढे काय होतं ते कुठल्याही शिक्षकाला ठाऊक आहे. वर्गाच्या बाई वाईट नाहीत, मुलगाही व्रात्य नाही. फक्त वर्गाचा सबंध दिवस ज्या वेगासाठी आखलेला आहे, तो वेग त्याच्या कामाचा नाही. थोड्याच दिवसांत शाळा सुटते, कायमची. कादंबरी शाळेला खलनायक करत नाही. लेखिकेचा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. मुलं काय शिकू शकतात याची परीक्षा घेण्याआधीच ती मर्यादा मोठ्यांनी ठरवून टाकलेली असते. सिबिलाच्या मते ल्यूडो अलौकिक नाहीच. कुठल्याही मुलाच्या हाती वेळेवर हे दिलं असतं तर त्यालाही जमलं असतं, असं ती मानते. हे पुरतं खरं नसेल. पण आपल्याकडे लहान लहान मुलं रामरक्षा आणि गीतेचा पंधरावा अध्याय घडाघडा म्हणतात तेव्हा कुणी त्यांना अद्भुत बालक म्हणत नाही. घरात म्हटलं जातं म्हणून ती म्हणतात. पाठांतर आणि समजून वाचणं यात अंतर आहे, तरी सिबिलाचा मुद्दा यातून जवळ येतो.

मग ही आई जाचक नाहीच का? आहे. पण ती जिथे जाचक आहे तिकडे प्रवाशांचं लक्षच जात नाही.

ल्यूडोला आपला बाप कोण हे हवं आहे, आणि सिबिला सांगत नाही. बाप जिवंत आहे, त्याच शहरात आहे, त्याची पुस्तकं दुकानात मिळतात. पण तो वाईट लेखक आहे. गुळगुळीत, स्वतःवर खूश असणारा, ज्याला स्वतःची चूक दिसत नाही असा. सिबिलाने त्याला मनातल्या मनात लिबराची हे नाव ठेवलंय, झगमगीत कोट घालून पियानो वाजवणाऱ्या अमेरिकन कलाकाराचं. ती मुलाला तीन वस्तू देते. लिबराचीचं संगीत, लॉर्ड लेटन या व्हिक्टोरियन चित्रकाराच्या एका गुळगुळीत चित्राची प्रत, आणि एका मासिकातला लेख. या तिन्हींत काय चुकलंय ते तुला ज्या दिवशी कळेल, त्या दिवशी बापाचं नाव सांगेन. ग्रीक, हिब्रू, अरबी वाचणारा मुलगा या तीन वस्तूंपुढे हतबल होतो. त्याला त्यात काही वावगं दिसतच नाही.

इथे वाचक हसतो आणि त्याच वेळी सिबिलावर चिडतोही. आपली अभिरुची ही तिने मुलाच्या बापाच्या दाराला लावलेलं कुलूप आहे. अभ्यासाचा ताण मुलाने स्वतः मागून घेतला होता, हा ताण त्याने मागितलेला नव्हता. मुलाला नकोसं सत्य कळू नये म्हणून आई हे करते, त्यात माया आहे. पण निर्णय तिने एकटीने घेतलाय आणि किंमत तो मोजतोय. ‘डोक्यावर बसलेली आई’ या साच्याचं डेविटबाईंनी जे केलं, ते इथे सर्वांत खोल जातं. ज्या गोष्टीसाठी जग तिला दोष देतं तिथे ती निर्दोष आहे, आणि जिथे तिचं चुकतं ते दारामागे आहे.

बापाची उणीव ती वेगळ्या रीतीने भरून काढते. बिनबापाच्या मुलासमोर पुरुषाचा आदर्श हवा, असं तिने वाचलेलं असतं. म्हणून ती अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन सामुराय’ची चित्रफीत आणते. १९५४ सालचा हा साडेतीन तासांच्या आसपासचा जपानी चित्रपट. दरोडेखोरांपासून गाव वाचवायला गरीब शेतकरी सात लढवय्ये जमवतात. (आपल्या ‘शोले’च्या कथेत या चित्रपटाचा अंश आहे, त्यामुळे कथा मराठी वाचकाला परकी नाही.) सिबिला हिशेब करते. सहा सामुराय, सामुराय असल्याची बतावणी करणारा एक शेतकऱ्याचा मुलगा, आणि एक निधड्या छातीचा शेतकरी, म्हणजे एका बापाच्या जागी आठ आदर्श पुरुष. मायलेक हा चित्रपट आठवड्यामागून आठवडे पाहत राहतात.

त्यातला एक प्रसंग कादंबरीच्या उत्तरार्धाचा कणा होतो. म्हातारा सामुराय काम्बेई उमेदवारांची परीक्षा घेतो. दाराआड एका तरुणाला काठी घेऊन उभं करतो आणि आत येणाऱ्यावर वार करायला सांगतो. खरा लढवय्या असेल तर तो वार चुकवील. एक उमेदवार येतो आणि वार पडायच्या आत काठी धरतो. दुसरा तर उंबरठ्याबाहेरच थांबतो आणि हसत म्हणतो, थट्टा पुरे.

ल्यूडो अकरा वर्षांचा होतो. आईच्या कागदपत्रांतून त्याला बापाचं नाव लागतं. तो त्या प्रवासलेखकाला जाऊन भेटतो, आपण कोण ते न सांगता, आणि बाप आईच्या म्हणण्याइतकाच उथळ आहे हे त्याला दिसतं. इतकी वर्षं ज्या कुलपाची किल्ली शोधली, त्या दाराआड हे. मग तो ठरवतो, बाप मिळत नसेल तर निवडावा. तो एकेका नामवंत माणसाकडे जातो आणि सांगतो, मी तुमचा मुलगा. हाच त्याचा काठीचा वार. दूरदेशी भटकलेला भाषांचा जाणकार, सोराबजी नावाचा नोबेलविजेता खगोलशास्त्रज्ञ, रंगाचा अनुभव घेण्यासाठी जिवावर उदार होणारा चित्रकार, पत्त्यांतला ब्रिज खेळणारा आणि परदेशी राजनैतिक अधिकारी असल्याची बतावणी करून लोकांचे जीव वाचवणारा एक गृहस्थ, अतिरेक्यांच्या कैदेतून सुटून आलेला पत्रकार, आणि शेवटी एकच रचना रात्रभर पुन्हा पुन्हा वेगळी वाजवणारा जपानी पियानोवादक. कोण वार चुकवतं, कोण खाली पडतं, हे वाचकाने पुस्तकातच पाहावं. इतकं सांगायला हरकत नाही की यातली एक भेट वाचल्यावर पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहावं लागतं, आणि त्या भेटीतला मुलगा हुशारीच्या बळावर तिथून सुटू शकत नाही.

या भागात आईचं बोलणं थांबतं, मुलाची रोजनिशी सुरू होते, आणि मघाची आई आता त्याच्या डोळ्यांनी दिसू लागते. रात्री उशिरापर्यंत टंकलेखन करणारी, बिलांना घाबरणारी, कधी कधी जगण्याचीच इच्छा आटून गेलेली. बाप शोधायला निघालेला मुलगा हळूहळू आईला सावरील असं काहीतरी शोधू लागतो.

अशा कथेचं आपल्या मातीतलं रूप हवं असेल, तर ते वरळीत सापडतं. मनू जोसेफ यांची ‘सीरियस मेन’ ही इंग्रजी कादंबरी २०१० साली आली आणि त्याच वर्षी तिला ‘द हिंदू’ वर्तमानपत्राचा साहित्य पुरस्कार मिळाला. नायक अय्यन मणी दलित समाजातला, मोठमोठ्या ब्राह्मण शास्त्रज्ञांच्या संस्थेत स्वीय सहायक, आणि राहायला बीडीडी चाळीत. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळींतली खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्या खोलीत अय्यन एक बेत रचतो. आपला मुलगा आदि हा अलौकिक बुद्धीचा आहे, असं जगाला पटवायचं. मुलाला एका कानाने कमी ऐकू येतं, तो श्रवणयंत्र लावतो. बाप त्याला वर्गात विचारायचे अवघड प्रश्न घोकून देतो, मूळ संख्यांच्या रांगा पाठ करून घेतो. बाईंना वाटतं, काय विलक्षण मूल! इथे डोक्यावर बसलेला आहे तो बाप. आई ओजाला हे गुपित ठाऊक नाही, तिला आपला मुलगा चारचौघांसारखा असता तर बरं वाटलं असतं. सुधीर मिश्रा यांनी २०२० मध्ये यावर हिंदी चित्रपट केला, त्यात नवाझुद्दीन सिद्दीकी बाप झाला आहे.

दोन्ही कादंबऱ्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. ल्यूडोकडे खरी बुद्धी आहे आणि ती कुणाला दाखवायची त्याच्या आईला गरज वाटत नाही. आदिकडे दाखवण्यापुरती बुद्धी आहे, कारण दाखवल्याशिवाय त्याच्या बापाकडे कुणी पाहणारच नाही. अय्यनचा राग खरा आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांच्या मुलाकडे चमत्कार असल्याखेरीज कुणाचं लक्ष जात नसेल, तर बाप चमत्कार उभा करील. कादंबरी विनोदी आहे, पण तो मुलगा बापाच्या मुठीत हात देऊन चालतो तेव्हा वाचकाला हसू येत नाही.

मराठी साहित्यात हुशार मूल आणि आई ही जोडी आली की सूर बहुतेक वेळा भक्तीचा लागतो. साने गुरुजींच्या श्यामच्या आईने १९३५ पासून तो सूर लावून दिला, आणि तो खरा आहे, त्याने पिढ्या रडल्या आणि घडल्या. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन पहाटे साडेपाचला मुलाला उठवणारी आई, क्लासच्या बाहेर स्कूटरवर डबा घेऊन थांबलेली आई, मुलाचे गणिताचे गुण शेजारणीच्या आधी मोजणारी आई, या आईवर प्रेमाने हसणारी मोठी कादंबरी अजून यायची आहे. सामग्री तर दारोदार आहे. पुण्यात १९६२ साली डॉ. वि. वि. तथा अप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी काढली ती याच प्रश्नासाठी, बुद्धिमान मुलांच्या बुद्धीचं करायचं काय. तिथल्या शाळेच्या प्रवेशाच्या वेळी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत जे वातावरण तापतं, त्यातलं एक घर जरी कुणी सिबिलाच्या घरासारखं आतून उघडून दाखवलं तरी पुष्कळ होईल. आतून, म्हणजे तुटलेल्या वाक्यांसकट.

‘द लास्ट सामुराय’चं स्वतःचं नशीबही वेडंवाकडं. डेविटबाईंनी ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिनमध्ये डॉक्टरेट केली, अध्यापन सोडलं, मिळेल ती कामं केली, कितीतरी कादंबऱ्या अर्ध्यावर टाकल्या, आणि मग ही पूर्ण केली. ग्रीक आणि जपानी लिपी पानावर कशी बसवायची, मुद्दाम मोडलेली वाक्यं तशीच छापायची की नीट करायची, यावरून प्रकाशकाशी झगडा झाला. त्यांना शीर्षक ‘द सेव्हन्थ सामुराय’ हवं होतं, तेही बदलावं लागलं. पुस्तक अनेक भाषांत गेलं, गाजलं. मग मूळ प्रकाशनसंस्थाच बंद पडली आणि बरीच वर्षं ते दुकानांतून नाहीसं झालं. २०१६ मध्ये न्यू डायरेक्शन्स या प्रकाशनाने पुन्हा काढलं, तेव्हा कुठे नव्या वाचकांच्या हाती पडलं.

दरम्यान लंडनची ती पिवळी रेषही बदलली. डिसेंबर २००९ पासून सर्कल लाइन पूर्ण वर्तुळ फिरत नाही. गाडी हॅमरस्मिथहून निघते, शहराला वळसा घालते, एजवेअर रोडला थांबते आणि आल्या वाटेने परत फिरते. आज सिबिला बाबागाडी घेऊन चढली, तर पहिल्यासारखं दिवसभर गोल गोल फिरणं तिला जमायचं नाही. एजवेअर रोड आलं की गाडी रिकामी होऊ लागेल, आणि ल्यूडो पुस्तकातून मान वर करून विचारील, का थांबलो?